विश्लेषण : नोकरीआधी सचोटीची चाचणी, पकडले कोण जाते, सुटते कोण?

‘आयुष्यात तुम्ही कधी खोटे बोललात का?’ नोकरीच्या अर्जानंतर मोबाइलवर आलेल्या चाचणीत असा प्रश्न समोर आला, तर काय उत्तर द्याल? ‘हो’ म्हणावे तर अप्रामाणिक ठरण्याची धास्ती. ‘कधीच नाही’ म्हणावे तर चाचणी तयार करणारा म्हणणार, हा उमेदवार स्वतःला गरजेपेक्षा जास्त चांगला दाखवतो आहे. खरे बोलणारा आणि खोटे बोलणारा, दोघांचीही एकाच प्रश्नात पंचाईत.

बँका, वित्तसंस्था, मोठी दुकाने, गोदामे, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्था अशा ठिकाणी रोकड, माल आणि ग्राहकांची माहिती कर्मचाऱ्यांच्या हाती असते. माणूस विश्वासू आहे की नाही, हे नेमणुकीआधी कळावे ही मालकाची इच्छा रास्तच आहे. त्या इच्छेतून ‘सचोटी चाचणी’चा बाजार उभा राहिला. ही चाचणी काय मोजते, तिच्यावर किती विसंबावे आणि ती चुकली तर किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्याची वेळ आली आहे. कारण चाचणीचा उपयोग थोडा आहे, पण तिला दिले जाणारे वजन त्याहून बरेच जास्त आहे.

सचोटी चाचणी म्हणजे नेमके काय?

या चाचण्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात प्रश्न थेट असतात. ‘दुकानातली छोटी वस्तू घरी नेणाऱ्याला कामावरून काढावे का?’, ‘पकडले जाण्याची भीती नसेल तर बहुतेक लोक चोरी करतील, असे तुम्हाला वाटते का?’, ‘आधीच्या नोकरीत कंपनीची वस्तू न विचारता कधी घरी नेली का?’ अशा धाटणीचे. यामागचा तर्क साधा आहे. जो स्वतः हात मारतो त्याला ‘सगळेच तसे करतात’ असे वाटत असते आणि चोरीची शिक्षा सौम्य असावी, असेही वाटते. त्यामुळे उत्तरांतून माणसाचा कल उघड होतो, असे मानले जाते.

दुसऱ्या प्रकारात चोरीचा उल्लेखही नसतो. वेळ पाळणे, शिस्त, धोका पत्करण्याची आवड, राग आवरणे, वरिष्ठांबद्दलची भावना यांविषयी विचारले जाते. जबाबदारीची जाणीव, भावनिक स्थैर्य आणि इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती या गुणांच्या बेरजेतून सचोटीचा अंदाज बांधला जातो. आपण नेमकी कशाची परीक्षा देतो आहोत, हे उमेदवाराला कळतही नाही.

दोन्ही प्रकारांत मधूनमधून सापळ्याचे प्रश्न पेरलेले असतात. ‘मला कधीच कोणाचा राग आला नाही’ यासारख्या वाक्यांना सतत ‘बरोबर’ म्हणणारा उमेदवार बनवाबनवी करतो आहे, अशी नोंद होते. लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न याच जातीचा.

या चाचण्या आल्या कुठून?

याचे मूळ अमेरिकेत आहे. तिथे अनेक दशके खासगी कंपन्या नोकरी देण्याआधी उमेदवाराला पॉलिग्राफ यंत्रावर, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘लाय डिटेक्टर’वर बसवत. श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम यांतले बदल हे यंत्र टिपते. पण हे बदल खोटेपणामुळेच होतात असे नाही. भीती, संकोच, अपमानाची भावना यांनीही नाडी वाढते. निर्दोष माणूस घाबरून अडकतो आणि निर्ढावलेला सहज सुटतो. सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करणारा सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा पॉलिग्राफ चाचणी पार करून गेला. त्याला अटक झाली ती १९९४ मध्ये.

१९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून बहुतेक खासगी नोकऱ्यांसाठी पॉलिग्राफवर बंदी घातली. सुरक्षा संस्था आणि औषध कंपन्या यांच्यासाठी मर्यादित अपवाद ठेवले. यंत्र गेले, पण मालकांची गरज कायम होती. तोवर बाजारात असलेल्या कागदी प्रश्नावल्यांना मग मोठी मागणी आली. प्रश्नावलीला यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, खर्च कमी आणि एका दिवसात शेकडो उमेदवार तपासता येतात. आज तीच प्रश्नावली कागदावरून मोबाइलवर आली आहे.

त्या वेळीही शंका घेतली गेली होती. अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने १९९० मध्ये अहवाल दिला. या चाचण्यांवरून अप्रामाणिक वर्तनाचे भाकीत करता येते या दाव्याला उपलब्ध संशोधन ना ठाम पाठिंबा देते, ना तो ठामपणे खोडून काढते, असा त्याचा निष्कर्ष होता.

संशोधन काय सांगते?

१९९३ मध्ये डेनिझ ओनेस, चोकलिंगम विश्वेश्वरन आणि फ्रँक श्मिट या तिघांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्रित छाननी केली. सचोटी चाचणीचे गुण आणि वरिष्ठांनी कामाला दिलेले गुण यांचा संबंध त्यांना ०.४१ इतका आढळला. हा आकडा ० असेल तर काहीच संबंध नाही आणि १ असेल तर पूर्ण संबंध, असे समजावे. माणसाच्या वर्तनाच्या अभ्यासात ०.४१ हा दमदार आकडा मानला जातो. चाचणी विकणाऱ्यांना मोठाच आधार मिळाला.

२०१२ मध्ये चॅड व्हॅन इडेकिंग आणि सहकाऱ्यांनी निकष कडक करून पुन्हा छाननी केली. आता कामाच्या गुणवत्तेशी संबंध ०.१५ वर आला. गैरवर्तनाशी तो ०.३२ होता, पण त्यातही मेख होती. कर्मचाऱ्यांनी स्वतः कबूल केलेले गैरवर्तन मोजले तर ०.४२. दुसऱ्यांनी सांगितलेले किंवा कार्यालयीन नोंदींत आढळलेले मोजले तर ०.१५. म्हणजे एका प्रश्नावलीत जो मोकळेपणाने कबुली देतो तो दुसऱ्या प्रश्नावलीतही देतो, हेच या आकड्यात काही प्रमाणात मोजले जात होते.

आणखी एक बाब बोलकी आहे. चाचणी प्रकाशित करणाऱ्या कंपन्यांशी संबंधित अभ्यासांत कामाच्या गुणवत्तेशी असलेला संबंध ०.२७ होता. त्यांच्याशी संबंध नसलेल्या अभ्यासकांना तो ०.१२ इतकाच मिळाला. प्रामाणिकपणा मोजण्याच्या धंद्यात विकणाऱ्याच्या मापाने माल जास्त भरतो आणि गिऱ्हाइकाच्या मापाने कमी! यावर त्याच नियतकालिकात प्रतिवादही छापले गेले आणि वाद मिटला नाही. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी भरतीच्या सर्वच पद्धतींचा नव्याने हिशेब मांडला. त्यात सचोटी चाचणीला ०.३१ आणि सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून, ठरावीक निकषांवर गुण देणाऱ्या आखीव मुलाखतीला ०.४२ मिळाले.

थोडक्यात, या चाचण्या निव्वळ थोतांड आहेत असे म्हणता येत नाही. हजारो उमेदवारांच्या गटाबद्दल त्या काहीतरी सांगतात. पण समोर बसलेल्या एका माणसाबद्दल ‘हा चोर आहे’ किंवा ‘हा साव आहे’ असे सांगण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही.

चुकीची किंमत कोण मोजतो?

हा मुद्दा एका काल्पनिक हिशेबाने समजून घेऊ. गोदामातल्या नोकरीसाठी १,००० अर्ज आले. त्यांपैकी ५० जण संधी मिळताच माल लंपास करतील, असे धरू. चाचणी इतकी चांगली माना, की अप्रामाणिक माणसांपैकी ८० टक्के ती बरोबर ओळखते आणि प्रामाणिक माणसांपैकीही ८० टक्के बरोबर ओळखते. प्रत्यक्षातल्या चाचण्यांशी तुलना केली तर हे फारच उदार गृहीतक आहे.

आता निकाल पाहा. ५० पैकी ४० अप्रामाणिक पकडले गेले. उत्तम. पण ९५० प्रामाणिक उमेदवारांपैकी २० टक्के, म्हणजे १९० जणही ‘संशयित’ ठरले. एकूण २३० जण बाद झाले आणि त्यांत खरे अप्रामाणिक ४०. म्हणजे बाद झालेल्या दर सहा जणांपैकी पाच निर्दोष. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी म्हण आपल्याकडे आहे. इथे एका चोरामागे पाच संन्याशी सुळावर जातात.

मालकाच्या नजरेतून मात्र हा सौदा फायद्याचा दिसतो. आधी दर १०० जणांत ५ अप्रामाणिक होते. चाचणी पार केलेल्या ७७० जणांत १० उरले, म्हणजे १०० मागे दीडही नाही. अर्जांचा ढीग पडलेला असताना १९० निर्दोष गमावल्याने मालकाचे काही बिघडत नाही, दुसरे मिळतात. नुकसान होते ते त्या १९० घरांचे. आपण का नाकारलो गेलो हे त्यांना कळत नाही, बाजू मांडता येत नाही. एकच चाचणी अनेक कंपन्या वापरत असतील, तर तोच उमेदवार दारोदार त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो.

हे गणित नवे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये पॉलिग्राफवरील अहवालात असेच उदाहरण दिले होते. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असे धरले आणि त्यांतील ८ पकडायचे ठरवले, तर सुमारे १,६०० निर्दोष कर्मचारीही चाचणीत ‘नापास’ होतील. जे दुर्मीळ आहे ते शोधताना चांगली चाचणीही अशी फसते.

प्रामाणिकपणा स्वभावात असतो की परिस्थितीत?

चाचणीमागे एक गृहीतक आहे. प्रामाणिकपणा हा उंचीसारखा माणसासोबत सर्वत्र जाणारा गुण आहे, हे ते गृहीतक. १९२८ मध्ये ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या अभ्यासकांनी दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत खोटे बोलण्याची, नक्कल करण्याची, पैसे उचलण्याची संधी देऊन पाहिली. परीक्षेत नक्कल करणारे मूल पैशांना हात लावेलच असे नव्हते. एका प्रसंगातला प्रामाणिकपणा दुसऱ्या प्रसंगातल्या प्रामाणिकपणाची फारशी हमी देत नव्हता.

आपल्या देशातलाही एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. रेमा हॅना आणि शिंग-यी वँग या अर्थतज्ज्ञांनी सहाशेहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना फासे टाकायला दिले. पडलेला आकडा विद्यार्थ्याने स्वतःच नोंदवायचा आणि आकडा मोठा तर पैसेही जास्त. पाहणारे कोणी नाही. मात्र बरेच फासे टाकल्यावर एकूण बेरीज किती यावी, याचा अंदाज गणिताने बांधता येतो. ज्यांच्या बेरजा संशयास्पद मोठ्या होत्या, त्यांना सरकारी नोकरीची ओढ अधिक असल्याचे दिसले. कर्नाटकातील सरकारी परिचारिकांवर हाच प्रयोग केला, तेव्हा फाशांत लबाडी करणाऱ्यांचे कामावर खोटी कारणे देऊन गैरहजर राहण्याचे प्रमाणही जास्त आढळले. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, माणसाने काय केले ते पाहणारी चाचणी, त्याने काय सांगितले ते विचारणाऱ्या चाचणीपेक्षा उजवी ठरू शकते. दुसरी जास्त महत्त्वाची. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात उलटे चित्र दिसले. तिथे प्रामाणिक विद्यार्थ्यांनाच सरकारी नोकरीची ओढ जास्त होती. सरकारी खुर्ची तीच, पण जिथे तिच्यावर बसून वरकमाई होत नाही, तिथे वरकमाईच्या आशेने कोणी येत नाही. व्यवस्था कशी आहे, त्यावर तिच्याकडे कोण ओढला जातो हे अवलंबून असते.

अपहाराबद्दलही असेच आहे. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातल्या अपहारकर्त्यांशी बोलून १९५३ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या मांडणीतून पुढे तीन घटक प्रसिद्ध झाले. कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी आणि ‘मी फक्त उसने घेतोय’ अशी मनाची समजूत. मुलाचे आजारपण, जुगारात झालेले कर्ज किंवा बुडालेली गुंतवणूक या गोष्टी नोकरीच्या दहाव्या वर्षीही येऊ शकतात. पहिल्या दिवशी घेतलेल्या चाचणीला त्या कशा दिसणार?

यूपीएससी, एमपीएससी आणि लष्करात काय होते?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हा विषय परका नाही. २०१३ पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत ‘नीतिशास्त्र, सचोटी आणि अभिक्षमता’ हा २५० गुणांचा पेपर आहे. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीतही तो आला आहे. या पेपरचा फायदा आहे. प्रशासनातील पेचप्रसंगावर उमेदवार एकदा तरी शांतपणे विचार करतो. पण सचोटीवर उत्तम उत्तर लिहिणे आणि सचोटीने वागणे यांत अंतर आहे. ‘वरिष्ठाने बेकायदा आदेश दिला तर काय कराल?’ याचे आदर्श उत्तर सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत मिळते. त्या आदर्श उत्तराप्रमाणे वागण्याची वेळ येते तेव्हा समोर परीक्षक नसतो, वरिष्ठ असतो.

लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीची पद्धत वेगळी आहे. सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची प्रक्रिया पाच दिवस चालते. चित्रावरून गोष्ट लिहिणे, शब्द पाहून वाक्य लिहिणे, प्रसंगावर प्रतिक्रिया देणे या मानसशास्त्रीय चाचण्या असतात. सोबत मुलाखत असते आणि मैदानावरील गटकार्यही. मनसा, वाचा, कर्मणा अशा तीन अंगांनी तीन वेगवेगळे परीक्षक उमेदवाराला पाहतात आणि तिघांची मते जुळतात का, हे तपासतात. ही पद्धतही अचूक नाही. पण तिच्यामागची समज महत्त्वाची आहे, की एका प्रश्नावलीवर माणसाचा निवाडा करायचा नसतो. भरतीतली वीस मिनिटांची मोबाइल चाचणी याच शास्त्राचे नाव सांगते, मात्र त्यातली काळजी सोडून देते.

मोठे घोटाळे चाचणीत सापडले असते का?

सत्यम कंप्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून हिशेबातल्या हजारो कोटींच्या फुगवट्याची कबुली दिली. आदल्याच वर्षी त्या कंपनीला उत्तम कंपनी कारभारासाठी पुरस्कार मिळाला होता. नव्याने भरती होणाऱ्या अभियंत्यांच्या सचोटीची कितीही चाचणी घेतली असती, तरी कुंपणच शेत खात असताना तिचा काय उपयोग होता?

पंजाब नॅशनल बँकेचा २०१८ मध्ये उघड झालेला गैरव्यवहार मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला. त्यात आरोपी असलेला अधिकारी एकाच शाखेत सुमारे सात वर्षे होता. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेत १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा आरोप झाला. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिजोरीतली रोकड मोजली तेव्हा तूट उघडी पडली. ठेवीदारांच्या रांगा लागल्या त्या त्यानंतर.

या प्रकरणांत बदली, जोडणी, मोजणी अशी साधी कामे वेळेवर झाली नाहीत. रिझर्व्ह बँकेचा एक नियम या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. संवेदनशील जागेवरील बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी, असा तो नियम आहे. त्या काळात दुसरा माणूस त्याच खुर्चीवर बसतो आणि लपवलेले काही असेल तर बाहेर येते. या नियमात कोणावर संशय नाही. प्रामाणिक माणसाला रजा मिळते आणि अप्रामाणिकाला घाम फुटतो.

अपहार उघड कसे होतात, यावर फसवणूक तपासनिसांची एक आंतरराष्ट्रीय संघटना दर दोन वर्षांनी अहवाल काढते. २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघड झाली आणि निम्म्याहून अधिक खबरी कर्मचाऱ्यांनीच दिल्या. म्हणजे अपहाराविरुद्ध कंपनीकडे असलेले सर्वांत मोठे बळ तिच्याच प्रामाणिक कर्मचाऱ्यांत आहे. त्यांना आपण काय देतो? महामार्ग प्रकल्पातला भ्रष्टाचार पत्राने कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये गयेत हत्या झाली. मनमाडजवळ इंधन भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २०११ मध्ये जिवंत जाळले गेले. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अंमलात आणला गेला नाही. सचोटी मोजण्याची घाई असलेल्या समाजाने सचोटी जपण्याची एवढी हेळसांड करावी, हे विसंगत आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात नोकरीपूर्व मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी वेगळा कायदा नाही. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी घेणे घटनाबाह्य ठरवले. तो निकाल गुन्ह्याच्या तपासाबाबत आहे, भरतीबाबत नाही. पण माणसाच्या मनात डोकावण्याला मर्यादा असते, हे तत्त्व त्यात आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्यात नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा आहे. आणि आपली कोणती माहिती वापरली हे विचारण्याचा हक्क प्रामुख्याने संमती दिलेल्या प्रकरणांशी जोडलेला आहे. त्यामुळे कंपनीने ‘नोकरीचे कारण’ पुढे केले, तर आपल्या चाचणीचे गुण मागण्याचा उमेदवाराचा हक्क लंगडा पडू शकतो. ही फट बुजवायला हवी.

इतर देशांनी काही पावले उचलली आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात खोटेपणा पकडण्यासाठी घेतलेल्या लेखी चाचण्याही बंदीच्या कक्षेत येतात. कॅलिफोर्नियात एका दुकानसाखळीने सुरक्षारक्षकांच्या भरतीत धर्मश्रद्धा आणि लैंगिक आयुष्यावरचे प्रश्न असलेली चाचणी घेतली होती. १९९१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने, कामाशी संबंध नसलेले असे प्रश्न खासगीपणाचा भंग करतात, असे म्हटले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, कामाच्या ठिकाणी चेहरा किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर बंदी आहे. आपल्याकडे अशी साधने मुलाखतीत रुळण्याआधी हा विचार व्हावा.

मग कंपन्यांनी काय करावे?

चाचणी घ्यायचीच असेल, तर तिला एक कच्चा दुवा समजावे. तिच्या गुणांवरून कोणाला थेट बाद करू नये. फार तर मुलाखतीत आणखी काय विचारावे, हे ठरवावे. चाचणी विकणाऱ्याकडून तिच्या अचूकतेचा पुरावा मागावा आणि तो अभ्यास कोणी केला हेही विचारावे. इंग्रजीतून ढोबळ भाषांतर केलेली प्रश्नावली नांदेड किंवा सावंतवाडीच्या उमेदवारापुढे ठेवू नये. ‘ऑफिसमधला पेन घरी नेणे’ याचा अर्थ सगळीकडे सारखा लागत नाही. नाकारलेल्या उमेदवाराला कारण आणि फेरविचाराची संधी मिळावी.

आणि नियम वरपासून खालपर्यंत एकच असावा. सुरक्षारक्षक, रोखपाल आणि डिलिव्हरी करणारा मुलगा यांच्या सचोटीची परीक्षा घ्यायची, पण कोट्यवधींवर सही करणाऱ्या संचालकाला ती लागू नाही, ही सोयीची नैतिकता झाली.

उमेदवारांनी काय लक्षात ठेवावे?

चाचणी कोणती, कशासाठी, निकाल कोण पाहणार आणि किती काळ साठवणार, हे ई-मेलने विचारा. उत्तर लेखी राहील. उत्तरे देताना ‘कधीच नाही’, ‘नेहमीच’ अशी टोकाची वाक्ये निवडण्याचा मोह टाळा. जे खरे आहे ते सांगा. स्वतःची देवमाणसाची प्रतिमा उभी करायला गेलात, तर सापळ्याच्या प्रश्नांत अडकाल. धर्म, जात, राजकीय मत, लैंगिक आयुष्य किंवा आजार यांविषयी कामाशी संबंध नसलेला प्रश्न आला, तर त्याची नोंद ठेवा आणि तो का विचारला, असे विचारा. ‘सचोटी चाचणी हमखास पास’ असे शिकवणीवर्ग निघाले, तर त्यांच्यापासून चार हात लांब राहा. सचोटीची नक्कल शिकवणाऱ्याकडून काय शिकणार?

आणि चाचणीत ‘नापास’ झालात, तर तो तुमच्या चारित्र्याचा निकाल समजू नका. वरचा हिशेब आठवा. बाद झालेल्या सहांपैकी पाच निर्दोष होते, तेही चाचणीला भरपूर झुकते माप दिल्यावर. माणसाचा प्रामाणिकपणा कळायला त्याच्यासोबत काम करावे लागते, त्याचे हिशेब वेळच्या वेळी पाहावे लागतात आणि तो खरे बोलला म्हणून त्याचे नुकसान होणार नाही, याची हमी द्यावी लागते. या कष्टांतून सुटका करणारी प्रश्नावली अजून कोणी तयार केलेली नाही.